सोपानतात्यांचे गाठोडे

एखाद्या माणसाविषयी लिहावे एवढी माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून शाई हाताशी असते, इतकेच. चुकले तर माफ करावे. पण सोपानतात्यांविषयी दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही.

सोलापुरात गिरणीजवळच्या आमच्या चाळीत सगळीच बिऱ्हाडे नवी. कोणी अक्कलकोटकडचे कानडी, कोणी तेलंगणातले विणकर. माणसे आल्या दिवशी खुंट्या ठोकत, चूल मांडत. तात्या आले तेव्हा मी मराठी तिसरीत होतो. मॅट्रिक झालो तरी त्यांचे गाठोडे सुटले नव्हते. सारी भांडी त्यात बांधलेली. तात्या त्यावरच बसत, त्यालाच टेकून झोपत. म्हणत, "चार दिसांचा पाव्हणा हाय मी. सांगावा आला की निघालो."

तोवर तवा आमचा, काठवट शेजारच्या मल्लव्वाची, तांब्या ज्याचा सापडेल त्याचा. आईने एकदा विचारलेच, "तात्या, तुमचा तवा काय देव्हाऱ्यात ठेवलाय व्हय?"

तात्या गंभीरपणे म्हणाले, "बांधलेलं सोडलं तर परत बांधाया लई येळ जातो, वैनी."

सांगावा यायचा होता गावाकडून, केमहून, धाकट्या भावाचा, बाबूचा. एका बैलाच्या विक्रीवरून दोघांचे बिनसले. बाबू रागाने 'नीघ' म्हणाला, हे निघाले. आता तो 'ये' म्हणाल्याशिवाय जायचे नाही, असा तात्यांचा हट्ट.

मी पुण्याला निघालो तेव्हा तात्या स्टेशनवर आले. गाडी केमला थांबते, हे त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितले. मग म्हणाले, "बाबू तितं बैलगाडी घिऊन भाड्याला हुबा असतो. नुसतं बघ. बोलू नगं."

मी बोललो. स्वभाव माझा भिडस्त. पण बाबू अगदी तात्यांसारखाच चाकाला टेकून बसला होता, म्हणून धीर आला. सांगितले, तात्यांचे गाठोडे अजून बांधलेलेच आहे. त्याने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. तेवढ्यात शिट्टी झाली.

पुढे बरेच दिवस काही कळले नाही. परवा वडील पुण्याला आले, तेव्हा कळले.

चाळीत एक तेलुगू जोडपे आले होते. सोबत एक पेटी, आणि बाई दिवस भरलेली. ती बाळंत झाली तेव्हा पाणी तापवायला त्यांच्याकडे मोठे भांडे नव्हते. तात्यांनी कोणाला न विचारता गाठोडे ओढले. गाठ इतकी घट्ट बसलेली की विळ्याने कापावी लागली. पातेले, परात, तवा, सारे तिकडे गेले. आई तवा पाहून एवढेच म्हणाली, की आमच्या तव्यापेक्षा हा चांगला आहे.

आणि त्याच आठवड्यात बाबू आला. दारातच म्हणाला, "दादा, घरी चल."

तात्या बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "येतो की. पर आत्ता कसा निघू? पातेलं शेजारी हाय. तान्ह्या पोरीचं रोजचं न्हाणं असतंय."

बाबूने डोक्याचा पटका सोडला आणि तो अडकवायला खुंटी शोधू लागला. खोलीत एकही नव्हती. तात्या आमच्याकडे येऊन हातोडी मागून घेऊन गेले.