तांबडीला पातं लावलं त्याची गोष्ट

"बर्फ सारायचं पातं आपल्याला घ्यायचंय, आणि त्याची रुंदी तो शेजारचा रूने ठरवणार?" कॉफीचा कप खाली ठेवत गुनबोर्गने विचारलं.

एवर्टचं लक्ष नव्हतं. तो खिडकीतून शेडमधल्या तांबडीकडे बघत होता. तांबडी म्हणजे चार जाड चाकांची, उघडी, जुनीपुराणी गाडी. शिकारीच्या दिवसांत जंगलातून मूस हरीण ओढून आणायला म्हणून घेतलेली. तिचा रिव्हर्स गिअर कधीच कामातून गेला होता. मागे वळवायची तर खाली उतरायचं, तिचं बूड उचलायचं आणि फिरवायचं. एवर्टला त्याचं काही वाटत नसे. सध्या तर त्याला उघड्या डोळ्यांनी एकच चित्र दिसत होतं: निळसर पहाट आहे, बर्फ आवाज न करता पडतोय, आणि तांबडीच्या तोंडाला लावलेल्या पात्यापुढून तो अलगद बाजूला सरतोय.

"एवर्ट! मी भिंतीशी बोलतेय का?"

"रूनेला कळतं त्यातलं," एवर्ट भानावर येत म्हणाला.

"मग तांबडीपण त्यालाच देऊन टाक. दोघं सुखी होतील."

गुनबोर्गच्या बोलण्याला धार होती, आणि तिला कारणही होतं. गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसता उपसता एवर्ट छाती धरून अंगणात बसला होता. तेव्हापासून डॉक्टरांनी फावड्याला हात लावायला बंदी केली होती. गुनबोर्गचे गुडघे तर त्याच्याही आधी संपावर गेले होते. घर टेकाडावर, गेटपर्यंत लांब उतार. बर्फ पडला की दोघं आत अडकणार हे उघड होतं. शेवटी तिने शहरातल्या घरं विकणाऱ्या बाईला बोलावलं होतं. पण एवर्टचा चेहरा बघून तिने एक सवलतही दिली होती. ती बाई येईल त्या सकाळी अंगण आणि उतार मोकळा असला, तर तिला कॉफी पाजून परत पाठवायचं आणि घर ठेवायचं. नसला, तर मुकाट्याने घर दाखवायचं.

एवर्ट त्याच घरात जन्मला होता. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर बसून लोकांच्या छपरांकडे बघायचं, या कल्पनेने त्याचं अन्न गोड लागत नव्हतं.

रूने खालच्या अंगाला राहायचा. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, आणि ग्रानसेले गावाचा रस्ता साफ करायचं काम दरवर्षीच्या बैठकीत त्यालाच मिळे. मिळे म्हणजे, दुसरं कुणी हात वर करत नसे. पण रूने त्या कामाचा मान एखाद्या गादीसारखा जपत असे.

"तुझ्या चाकांइतकंच रुंद पातं घेऊ नकोस," त्याने सांगितलं होतं. "सरळ असताना ते पुरतं. तिरकं केलंस की आखूड पडतं, आणि मग तुझी चाकंच बर्फ तुडवत बसतात. चांगलं रुंद घे."

"म्हणजे शेडच्या दारातून जेमतेम जाईल एवढं?"

यावर रूनेने नुसता श्वास आत ओढला. त्या भागात होकार असाच देतात. तोंड उघडून 'हो' म्हणायचं म्हणजे वायफळ बडबड.

पातं मिळालं, पण ते तांबडीला बसेना. दुकानदाराने फोनवर गाडीचं साल विचारलं आणि ते खरंच आहे ना म्हणून पुन्हा विचारलं. "पातं देतो," शेवटी तो म्हणाला, "पण तुमच्या गाडीच्या पोटाखाली ते अडकवायची चौकट आता कुणी बनवत नाही. सांभाळून ठेवा हो गाडी, म्युझियमवाले मागतील."

एवर्टने चौकट स्वतःच बनवली. दोन दिवस शेडमधून घणाचे आवाज आले आणि तिसऱ्या दिवशी गुनबोर्ग पाहुण्यांच्या खोलीत गेली.

"एवर्ट, इथला लोखंडी पलंग कुठाय?"

"तांबडीखाली."

"आणि पाहुणे आले तर झोपवायचे कुठे?"

"आपल्याकडे येतं कोण?" एवर्ट म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून ती आणखी चिडली.

नव्या गाड्यांना पातं वर उचलायला विजेवर चालणारी चरखी असते. एवर्टने एक लांब दांडा लावला, दांड्याला कप्पी आणि कप्पीवरून कपडे वाळत घालायची दोरी. दांडा ओढला की पातं वर, सोडला की खाली. शेडमध्ये ते झकास चालत होतं. त्याने पातं उजवीकडे तिरकं करून खीळ मारून टाकली, आणि त्या रात्री तो लहान मुलासारखा खूश होऊन झोपला.

घरं विकणारी बाई यायची होती त्या सकाळी खरंच बर्फ पडला. एवर्ट उजाडायच्या आत तांबडीवर बसला. आकाश खाली आलं होतं आणि जगातले सगळे कोपरे गोल झाले होते. पातं बर्फात शिरलं, आणि एक पांढरी लाट उजवीकडे लोळत गेली. उतारावरून गेटपर्यंतचा पहिला पट्टा इतका सुरेख निघाला की एवर्टला गाणं म्हणावंसं वाटलं. गेटबाहेर येऊन त्याने दांडा ओढला. पातं वर घ्यायचं, उतरून गाडी फिरवायची आणि दुसरा पट्टा काढायचा, असा बेत होता.

दांडा हलला नाही. ओली दोरी कप्पीतच गोठून लाकूड झाली होती. पातं खाली, रिव्हर्स नाही, आणि पातं असं जमिनीत रुतलेलं असताना तांबडीचं बूड एवर्टच्या बापालाही फिरवता आलं नसतं.

पण एवर्ट घाबरला नाही. ग्रानसेलेचा रस्ता गोल, तळ्याला वळसा घालून आल्या जागी येणारा. सगळी घरं आतल्या अंगाला, तळ्याकाठी. एवर्टचं एकटं बाहेरच्या अंगाला. उजवीकडे वळायचं, एक फेरी मारायची आणि गेटमधून सरळ आत शिरायचं, एवढं सोपं होतं.

फेरी फारच सुंदर झाली. तळं अजून गोठलं नव्हतं, त्यावर वाफ तरंगत होती. एकेका घराच्या खिडकीत दिवा लागत होता. बर्फ पात्यावरून उजवीकडे वळत होता, पडत होता, पुन्हा वळत होता, आणि एवर्टला वाटलं की आपण गाडी चालवतच नाही, रस्ताच आपल्याखालून हळूहळू वाहतोय. आपलं वय, छाती, ती घरं विकणारी बाई, काही म्हणता काही त्याला आठवेना. भानावर आला तेव्हा त्याचं गेट मागे पडलं होतं. इतकंच नाही, तर रस्त्यावरून लोळत आलेला सगळा बर्फ पात्याने गेटच्या तोंडावर नीट रचून ठेवला होता.

"एक फेरी आणखी," एवर्ट स्वतःशीच म्हणाला.

या फेरीत रूने मागे लागला. तो ट्रॅक्टर घेऊन बाहेर पडला तर रस्ता आधीच साफ. पुढे बघतो तर एवर्ट. रूनेच्या मनाला ते लागलं. ज्याला आपण रुंद पात्याचा सल्ला दिला, तोच आपली गादी घ्यायला निघाला होता. पण भोंगा वाजवणं म्हणजे गावात उघड भांडण, आणि थांबवून विचारणं म्हणजे भोचकपणा. रस्ता इतका अरुंद की पुढेही जाता येईना. तो दातओठ खात मागून ट्रॅक्टर चालवत राहिला. खिडक्यांतल्या लोकांनी दोघांना हात केले.

एवर्टने आरशात ट्रॅक्टर पाहिला आणि त्याला वाटलं, रूने कौतुकाने बघायला आलाय. गेटशी आल्यावर त्याने ढिगाकडे पाहिलं. आता नाक खुपसलं आणि अडकलो तर रूनेच्या देखत फजिती. त्याने थोडा बर्फ आणखी ढिगावर चढवला आणि तो पुढे गेला.

तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टरच्या मागे एक छोटी पांढरी मोटार आली. त्यात इल्वा होती, शहरातली घरं विकणारी बाई. तिने आधी पत्ता शोधला, मग घड्याळ पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं आणि थोडा वेळ तीही घड्याळ विसरली. पण तळ्याचा तोच काठ पुन्हा आला तेव्हा तिने सरळ भोंगा दाबला.

ग्रानसेलेत असा आवाज कुणी ऐकला नव्हता. खिडक्या उघडल्या. एवर्ट दचकला, त्याने हँडल उजवीकडे मारलं, आणि तांबडी स्वतःच्याच गेटसमोरच्या ढिगात डोळ्यांपर्यंत रुतून बंद पडली.

ढिगापलीकडे गुनबोर्ग उभी होती. तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"हरलो गं," एवर्ट म्हणाला. "बोलाव तिला आत."

"कुठून बोलावू? तू भिंत बांधलीस की!"

"या गावात रस्त्याचं काम बघतं कोण?" मोटारीतून उतरत इल्वाने विचारलं. "कसली ही पद्धत? घराला आत जायला वाटच नाही!"

रूनेचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत असं त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. तो तडक ट्रॅक्टरवर चढला. त्याने तांबडी साखळीने ओढून काढली, ढीग उडवला, उतार साफ केला आणि सगळं अंगण असं खरवडलं की गवत दिसायला लागलं. मग तो एवर्टसमोर येऊन उभा राहिला.

"तुझं अंगण आणि उतार यापुढे मी करीन. दर बर्फाला, रस्त्याच्याही आधी. पण एक अट. तू त्या गाडीवर बसून पुन्हा माझ्या रस्त्यावर दिसता कामा नये."

एवर्टने श्वास आत ओढला. तेवढाच त्याच्याने ओढवला.

"मग घर आता बघायचं ना?" इल्वाने विचारलं.

"कॉफी घ्या आणि निघा," गुनबोर्ग म्हणाली. "घर विकायचं नाही. अंगण मोकळं हवं एवढंच आमचं ठरलं होतं. कुणी मोकळं करायचं ते ठरलं नव्हतं."

एवर्टला रडूच आलं. आनंदाने आलं, पण सगळंच आनंदाने नव्हे. संध्याकाळी तो शेडच्या दारात बराच वेळ उभा होता. गुनबोर्ग मागून आली.

"गेट चुकलास तेव्हा काय बघत होतास रे?"

"काही नाही. नुसतं पांढरं. आणि कुठेच घाई नाही." तो थांबला. "खूप बरं वाटत होतं."

गुनबोर्ग तांबडीजवळ गेली. तिने दांडा जरा हलवून बघितला आणि म्हणाली, "दोरी काढून इथे चामड्याचा पट्टा लाव. गोठायचा नाही."

पुढचा बर्फ आठवड्याभराने पडला. उजाडता उजाडता फोन खणखणला. एवर्टने डोळे न उघडताच तो उचलला.

"अटीचं काय झालं?" पलीकडून रूने ओरडत होता. "शब्द दिला होतास ना? दुसरी फेरी चालू आहे!"

"अरे, मी बिछान्यात आहे," एवर्ट म्हणाला.

"मग रस्त्यावर कोण आहे?"

एवर्टने हात लांब करून शेजारी चाचपलं. उशी थंड होती. त्याने फोन हळूच खाली ठेवला आणि तो खिडकीशी गेला. खाली तळ्याच्या कडेने तांबडीचा दिवा सावकाश सरकत होता, आणि गेट केव्हाच मागे पडलं होतं.