आलुबोंड्याचा जबाब

चांदा शहराच्या न्याहारीचा प्रश्न शासनापुढे पहिल्यांदा आला तो १९५७ सालच्या जानेवारीत. त्याआधी चांद्यात न्याहारी होती, प्रश्न नव्हता.

ही न्याहारी बरेच लोक घराबाहेर करत. शहराला परकोट आहे, परकोटाला दरवाजे आहेत, आणि प्रत्येक दरवाजाच्या आसपास एखादे तरी हॉटेल होते. त्यांपैकी जटपुरा गेटाजवळचे हॉटेल सुगंधाबाईचे. हॉटेल म्हणजे कुडाची भिंत, वर कौले, दोन बाकडी आणि मातीची भट्टी. भट्टीपुढे सुगंधाबाई स्वतः बसे. तिचा नवरा लटारू पाणी भरी, बटाटे उकडी आणि दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोले. सकाळी सहाला पहिला घाणा निघे. उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, लसूण आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. हे सगळे बेसनात बुडवून जवसाच्या तेलात तळलेले. पळसाच्या पानावर दोन गोळे, बाजूला तळलेली मिरची. याला आम्ही आलुबोंडा म्हणत असू. तो पोटात गेल्याशिवाय वकीलसाहेब कोर्टात उभे राहत नसत, सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर बाटलीला हात लावत नसत, आणि मी वर्गावर जात नसे. मी शाळेत मराठी शिकवतो. व्याकरण हा माझा खास विषय आहे.

दर पंधरवड्याला सिंदेवाहीकडून बांबूच्या गाड्या येत. त्यांच्याबरोबर मुखरू नावाचा गाडीवान असे. दोन मुक्काम करून तो सकाळी गेटाशी बैल सोडी आणि बाकड्यावर माझ्याच शेजारी येऊन बसे. मी थोडा सरकून घेत असे.

नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. जिल्हा जागच्या जागी राहिला, कागद गेले. मराठी माणसे मराठी माणसांच्या जवळ आली म्हणून आम्ही गावभर जिलेबी वाटली. दोन महिन्यांनी मुंबईकडून श्री. टिपणीससाहेब आले. त्यांचे पद ‘उपाहार पदार्थ एकरूपीकरण अधिकारी’ असे होते. माणूस सभ्य, आवाज हळू, आणि पोट नाजूक असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांच्यासोबत एक कारकून आणि एक यादी होती.

यादीत बेचाळीस पदार्थ होते. राज्यात कोठेही माणूस उतरला तरी त्याला ओळखीचे नाव वाचूनच खाता यावे, हा यादीमागचा उदात्त हेतू. यादीतला पदार्थ विकण्यास परवानगी; यादीत नसलेला पदार्थ यादीत येईपर्यंत विकू नये; आणि यादीत पदार्थ घालण्याची तरतूद यादीत नव्हती.

साहेबांनी आठवडाभर गावातली हॉटेले पालथी घातली. रोज सकाळी एका गेटाला न्याहारी. अंचलेश्वर गेटाच्या हॉटेलवाल्याने पाटीवरचे ‘भजे’ पुसून ‘भजी’ केले, तो सुटला. पठाणपुऱ्यातला बाबुलाल जास्त हुशार. त्याने रंगारी बोलावून बेचाळीसच्या बेचाळीस पदार्थ पाटीवर चढवले. त्यात फाफडा होता, ढोकळा होता. बाबुलालने हे पदार्थ जन्मात पाहिलेले नव्हते. कोणी मागितलेच तर तो नम्रपणे म्हणे, आत्ताच संपला. साहेबांनी त्याच्या हॉटेलला पहिला दर्जा दिला आणि शेऱ्यात लिहिले, ‘पदार्थांची विविधता उल्लेखनीय.’ बाबुलालकडे प्रत्यक्षात चहा आणि शिळी शेव मिळे.

आठव्या दिवशी साहेब जटपुरा गेटाला आले. एक आलुबोंडा खाल्ला, मग दुसरा. मग त्यांनी यादी काढली, बोट वरून खाली आणि खालून वर नेले, आणि हा पदार्थ अस्तित्वात नसल्याचे अत्यंत खेदाने सांगितले. तिसरा त्यांनी नमुना म्हणून मागून घेतला.

सुगंधाबाई माझ्याकडे आली. भाषेचे काम असल्याने मलाही बरे वाटले. मी यादी तपासली. सव्विसाव्या क्रमांकावर बटाटेवडा होता. मी तिला समजावले की आलू म्हणजे बटाटा, बोंडा म्हणजे गोल वडा, तेव्हा हा केवळ भाषांतराचा प्रश्न आहे.

“नाव काई बी लिवा, मास्तर,” ती म्हणाली. “बेसन तेच हाय, हात बी तोच हाय.”

मी स्वतःच्या हाताने पाटी लिहून दिली. ‘येथे उत्तम बटाटेवडा मिळेल.’ ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती.

तीन दिवस गाडीवान, मोळीवाले आणि गडचिरोलीकडून कोर्टाच्या तारखांना आलेली माणसे पाटीशी थबकत होती. वाचता येणारा एखादा मोठ्याने वाची आणि बाकीचे पुढे जात. बटाटेवडा हे काय नवीन निघाले, त्याने पोट धरेल की बिघडेल, कोणाला ठाऊक नव्हते. शेवटी सुगंधाबाई उठून दारात उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली की बाबा, हा आलुबोंडाच आहे, बस आणि खा. बाकडी पुन्हा भरली. त्याच सकाळी साहेबांचा कारकून एका बाकड्यावर बसलेला होता. दुपारी नोटीस आली. बटाटेवडा या मान्यताप्राप्त नावाखाली आलुबोंडा हा अमान्य पदार्थ विकून ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल तिचा परवाना रद्द का करू नये, असे तिला विचारले होते.

नोटीस मीच वाचून दाखवली. ती म्हणाली की ग्राहकांची दिशाभूल पाटीने होत होती, तिने तर ती दूर केली. मी म्हणालो, तर्क बरोबर आहे, पण तो नोटिशीच्या नमुन्यात बसत नाही.

साहेब मात्र न्यायी होते. आलुबोंडा आणि बटाटेवडा एकच आहेत की नाहीत, हे मुंबईला तपासून घ्यायचे त्यांनी ठरवले. लाकडी पेटीत सहा आलुबोंडे रवाना झाले. पेटी नवव्या दिवशी न उघडता परत आली. पेटीवर ‘आलुबोंडा’ असे लिहिलेले होते आणि त्या नावाचा पदार्थ यादीत नसल्याने आवक-नोंद करता येत नव्हती. सोबत आदेश होता: पदार्थाची ओळख स्थानिक ग्राहकांच्या जबाबावरून निश्चित करावी, मात्र जो ग्राहक अमान्य पदार्थ नाव घेऊन मागतो, तो विक्रीस साहाय्य करतो असे समजण्यात यावे.

हा आदेश गावात कळला तसे सुगंधाबाईच्या हॉटेलात आवाज बंद झाले. न्याहारी चालूच होती, कोणी तिथे जायचे सोडले नाही. फक्त माणसे येत, बसत, कढईकडे बोट दाखवत आणि दोन बोटे वर करत. वकीलसाहेब तर नुसती मान हलवत. वर्तमानपत्रावरून चालणारे वाद थांबले, कारण बोलता बोलता तो शब्द तोंडातून निसटेल अशी धास्ती होती. साहेबही रोज येत. तुलनात्मक अभ्यासासाठी त्यांना चार लागत. सुगंधाबाई एकदा सगळ्यांकडे पाहून म्हणाली की मुक्यांच्या पंगतीत वाढल्यासारखे वाटते.

जबाबाचा दिवस ठरला. साहेबांनी सुनावणी हॉटेलातच ठेवली, म्हणजे पुरावा गरम राहतो. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला कारकून, मध्ये पळसाच्या पानावर दोन आलुबोंडे. भट्टीशी सुगंधाबाई उभी. लटारू दाराला टेकून. बाहेर अर्धे गाव.

पहिले वकीलसाहेब. इथे रोज काय खाता, असे विचारल्यावर त्यांनी घसा साफ करून सांगितले की ते एक तळीव पदार्थ ग्रहण करतात. नाव सांगणे त्यांच्या अशिलांच्या हिताचे नाही. कंपाउंडर म्हणाले, प्रकृतीला मानवेल असा हलका आहार. मग माझी पाळी आली.

मी रात्रभर तयारी केली होती. तिच्या बाजूने बोलायचे, दोन्ही शब्द एकाच अर्थाचे कसे आहेत हे पटवून द्यायचे, असा पक्का विचार होता. पण साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि मी शिक्षक आहे, माझ्या शाळेला अनुदान आहे, हे मला आठवले.

“तुम्ही अकरा वर्षे इथे काय खाता?”

“न्याहारी,” मी म्हणालो.

“न्याहारीत काय?”

मी म्हणालो की न्याहारी हे सामान्यनाम आहे आणि त्याची व्याप्ती मोठी आहे. कारकुनाने ते लिहून घेतले. भट्टीकडे मी पाहिले नाही.

असे चौघांचे जबाब झाले. चौथा बाबुलाल, तोही इथेच न्याहारी करी; त्याला पदार्थच आठवेना. साहेब अडचणीत आले. पदार्थ काय आहे हेच सिद्ध होत नव्हते. त्यांनी एक आलुबोंडा मोडून खाल्ला आणि सुनावणी पुढच्या महिन्यावर टाकण्याची भाषा सुरू केली. इतक्यात मुखरू आत आला. त्याच्या गाड्या नुकत्याच पोचल्या होत्या. त्याला गर्दी कशाची ते ठाऊक नव्हते. साहेबांनी त्यालाही बसवले आणि तोच प्रश्न विचारला.

“आलुबोंडा,” मुखरू म्हणाला.

साहेबांनी त्याला नीट विचार करून सांगायला सांगितले.

“यात विचार कायचा, साहेब? आलुबोंडा होये. बाईच्या हातचा मी लय सालापासून खाऊन राह्यलो. तुमच्याई पानावर तोच हाय, तुमी बी तेच खाऊन राह्यले. मंग बाईले काऊन विचारता?”

साहेबांनी कारकुनाला पहिला शब्द घ्यायला सांगितला आणि बाकीचा भाग अप्रस्तुत म्हणून वगळला. मुखरूने अंगठा दिला. त्याला वाटले, आपण बाईचे काम केले. जाताना तिच्याकडे पाहून तो हसलासुद्धा.

त्या एका शब्दावर निकाल लागला. अमान्य पदार्थाची विक्री प्रत्यक्ष साक्षीदाराच्या जबाबाने सिद्ध झाली; परवाना रद्द; हॉटेलास सील. मुखरू शहराबाहेरचा असल्याने त्याला समज देऊन सोडण्यात आले. गावात हळहळ फार झाली. संध्याकाळी वकीलसाहेबांच्या ओसरीवर आम्ही जमलो आणि मुखरूने तोंड आवरायला हवे होते यावर आमचे एकमत झाले. आम्ही चौघांनी किती कौशल्याने प्रकरण वाचवले होते, आणि एका अडाण्याने ते बुडवले.

पंधरा दिवसांनी मुखरू आला तेव्हा दाराला लाख लावलेली होती. कारण त्याला आम्हीच सांगितले, स्पष्ट शब्दांत. तो तिथूनच साहेबांच्या कचेरीत गेला. कारकुनाने नंतर हसत हसत सांगितले की तो दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे करून उभा होता. म्हणत होता, हा घ्या आणि तो खोडा. दिलेला जबाब परत घेता येत नाही, असे त्याला समजावले गेले. त्यानंतर तो बांबू घेऊन येतो, पण गेटाच्या आत बैल सोडत नाही.

सुगंधाबाईला मी एकदा भेटलो. मुखरूविषयी मी सहानुभूतीने काही बोललो, तर तिने मला मध्येच थांबवले.

“मुखरूभाऊवर माहा राग नाई, मास्तर. त्यानं खरं सांगतलं. तुमी लोक खोटं बी बोलले असते तं मले समजलं असतं. तुमी तं कायीच बोलले नाई.”



चैत्रात ती जागा बाबुलालला मिळाली. पहिल्या दर्जाचा हॉटेलवाला म्हणून त्याचा हक्कच होता. त्याने कुडाच्या जागी विटांची भिंत घातली, वर बेचाळीस पदार्थांची पाटी लावली. त्यांपैकी सव्विसावा, म्हणजे बटाटेवडा, तेवढा खरोखर मिळतो. तो दुसऱ्या कोणाला जमेना, म्हणून मागच्या पडवीत सुगंधाबाई बसते आणि तळते. तिने पुढच्या दाराने यायचे नाही, एवढीच अट आहे. टिपणीससाहेबांनी बदलीच्या आधी तो खाऊन पाहिला आणि सांगितले की चांद्याला आता कुठे खरी चव आली. वकीलसाहेब, कंपाउंडर आणि मी रोज जातो. नाव घेऊन, मोठ्याने मागतो.

बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना ही हकीकत पहिल्यापासून सांगतो. ते मन लावून ऐकतात. सुगंधाबाईसाठी त्यांना वाईट वाटते, मुखरूचे ते कौतुक करतात, आम्हा चौघांना नावे ठेवतात. मग तो बटाटेवडा नक्की कुठे मिळतो, असे विचारतात.

तुम्हीही संकोच करू नका. जटपुरा गेटातून आत आलात की उजव्या हाताला. सातच्या आत या, नंतर संपतो.