जनरलचा नातू

“हरीण मला पाहून पळत नाही. कारण त्याला ठाऊक असतं, उपयोग नाही!”

हे वाक्य ऑर्विल पेटिग्रू रोज सकाळी मेबेलच्या हॉटेलात एकदा तरी फेकायचाच. पण त्या वर्षी त्याच्या आवाजाला वेगळाच जोर आला होता. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते; शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांच्या राज्याच्या घटनेत कायमचा लिहायचा की नाही, यावर नोव्हेंबरात मतदान होतं. ‘लिहायचाच’ म्हणणाऱ्यांच्या गावातल्या समितीचा अध्यक्ष होता ऑर्विल. गळ, गांडुळं आणि काडतुसं विकणारं त्याचं दुकान म्हणजे त्या समितीचं मुख्यालय!

विरोधात उभ्या होत्या हॅटी क्रॉफर्डबाई. निम्म्या गावाला त्यांनी जीवशास्त्र शिकवलं होतं. ऑर्विलला तर बेडकाच्या धड्यावर नापासही केलं होतं, आणि ते दोघंही विसरलेले नव्हते.

“ऑर्विल, तुला शिकार करायला आज कोण अडवतंय?” बाईंनी कॉफी ढवळत विचारलं.

“आज कोणी नाही, बाई. पण उद्या शहरातली माणसं म्हणाली, हरणं नुसती बघायची असतात, तर? माझ्या आजाने हरीण खाल्लं, बापाने खाल्लं, मी खातो. ते काय कुणाच्या मर्जीवर?”

“मर्जीवर नाही रे, कायद्यावर. घटना म्हणजे तुझ्या दुकानाची भिंत नव्हे, जो येईल त्याने आपला गळ टांगायला. उद्या मी म्हणेन, माझं विणकाम लिहा!”

“विणकाम बंद करा म्हणून कोणी मोर्चा काढलाय का? शिकारीवर काढतात!”

हॉटेलात टाळ्या पडल्या. बाईंनी चमचा बशीत ठेवला. “मग मला एक माणूस दाखव. या गावात ज्याला शिकार करू दिली नाही, असा एकच. शनिवारच्या जेवणात, सगळ्यांसमोर.”

शनिवारचं जेवण म्हणजे अग्निशमन दलाच्या शेडमधलं, हरणाच्या मटणाचं आणि राजम्याचं झणझणीत पातेलं. टाळ्यांनी ऑर्विल चढला होताच. तो टेबलावर थाप मारून म्हणाला, “दाखवतो! आणि त्या पातेल्यात हरीणही माझंच असेल. नसलं, तर तुमची ‘नको’ची प्रचारपाटी मी माझ्या अंगणात ठोकीन!”

मतदानात कोण कुठल्या बाजूचा, हे तिथे अंगणातल्या पाटीवरून कळायचं. त्या गावात माणूस एक वेळ चर्च बदलेल, पण अंगणातली पाटी नाही.

“अध्यक्षाच्या अंगणात विरोधकांची पाटी! काय बोलून बसलास?” घरी गेल्यावर बायकोने, नेडीनने, कपाळावर हात मारला.

“काळजी करतेस कशाला? जनरलला कोणी लोळवलं? मीच ना?”

जनरल म्हणजे ऑर्विलने तरुणपणी मारलेला हरणाचा भलामोठा नर. डावा कान फाटका, शिंगाचं एक टोक खाली वाकलेलं. पेंढा भरून तो वर्षानुवर्षं बैठकीच्या खोलीत उभा होता आणि पाहुण्यांच्या टोप्या सांभाळत होता. पण कसर लागली, केस गळायला लागले, आणि महिन्यापूर्वी नेडीनने त्याला ‘दुरुस्तीला’ पाठवलं.

“झाला का गं तो दुरुस्त?” ऑर्विलने रात्रीच्या जेवणावर विचारलं.

नेडीन एकदम पाव कापायला लागली. समोर बसलेली टेसा, त्यांची मुलगी, ताटात बघायला लागली. टेसा वनरक्षक होती. बंदूक आणि शिट्टी बाळगून रानात फिरायची, शिकाऱ्यांचे परवाने तपासायची.

“टेसा, यंदा हरणं गेली तरी कुठे?”

“मी कामाचं घरी बोलत नाही, बाबा. बटाटे घे.”

“ती तुमची बाहुली तरी उभी करताय ना? रस्त्याकडेला?”

या बाहुलीचा ऑर्विलला भारी लळा होता. गाडीतूनच गोळ्या झाडणाऱ्या बहाद्दरांना पकडायला वनखातं रस्त्याकडेला एक बनावट हरीण उभं करायचं. कोणी त्याच्यावर गोळी झाडली, की झुडपातून रक्षक बाहेर! असा कोणी सापडला की ऑर्विल त्याला दुकानात वर्षभर छळायचा. “अरे, खरं हरीण आणि भुसा यातला फरक कळत नाही? गळ विकत घे, मासे धर!”

“बटाटे घे, बाबा,” टेसा पुन्हा म्हणाली.

हंगाम सुरू होता, पण आठवडाभर ऑर्विल झाडावरच्या मचाणावर बसून नुसता गारठला. एक रानटर्की आली, त्याच्याकडे तुच्छतेने पाहून निघून गेली. शुक्रवारी संध्याकाळी तो रिकाम्या हाताने घरी निघाला, तेव्हा त्याला डोळ्यांसमोर अंगणातली पाटी दिसायला लागली होती. पाटीशेजारी उभ्या राहून कॉफी पिणाऱ्या हॅटीबाईही दिसायला लागल्या होत्या.

आणि वळणावर त्याने करकचून ब्रेक दाबला.

कुरणाच्या कडेला एक नर उभा होता. काय ती छाती! काय ती शिंगं! शिंगाचं एक टोक खाली वाकलेलं, डावा कान फाटका!

“जनरलचा नातू!” ऑर्विलच्या डोळ्यांत पाणीच आलं. “तेच रक्त! कानसुद्धा आजोबांचा घेतलाय!”

फाटका कान वारशाने मिळत नाही, हा बाईंचा धडा आठवला असता तर तो थांबला असता. पण त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, रस्ता रिकामा होता. खाली उतरून दबा धरायला उजेड पुरणार नव्हता. त्याने काच खाली केली, बंदूक टेकवली आणि चाप ओढला.

धाड्!

नराने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“वा! आजोबांसारखाच धीट!” धाड्!

नराने शेपटी हलवली.

आता मात्र ऑर्विलला अपमान सहन होईना. धाड्! नराचं वाकलेलं टोक तुटून गवतात पडलं. नर मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहिला, वर्गात धडा न समजलेल्या पोरासारखी.

“बंदूक खाली ठेवा आणि हात वर करून गाडीबाहेर या!” झुडपातून आवाज आला.

ऑर्विल बाहेर आला. झुडपातून टेसा आली. हातात खेळण्याच्या मोटारीचं असतं तसं बटणांचं यंत्र. बापाचा चेहरा दिसला तशी तिची पावलं थबकली, आणि मग तिने डोळे मिटून एक मोठा उसासा सोडला.

“टेसा, बाळा, तू मला ‘अहो-जाहो’ करतेयस?”

“गणवेशात आहे मी. परवाना दाखवा.”

“हा माझा हक्क आहे!”

“मंगळवारी मतदान झालं की होईल. आज शुक्रवार आहे. आणि मंगळवारनंतरही गाडीतून गोळी झाडायचा होणार नाही. हंगाम, परवाना, नियम सगळे राहणारच आहेत.” मग तिचा आवाज खाली आला. “बाबा, तुला सोडलं तर उद्या कुणाला कुठल्या तोंडाने पकडू रे मी?”

 ऑर्विलला राग यायला हवा होता, पण आला अभिमान, आणि तो फार गैरसोयीच्या वेळी आला. त्याने निमूटपणे बंदूक आणि परवाना तिच्या हातात दिला.

“एवढंच सांग. इतकं हुबेहूब हरीण सरकारने बनवलं कुठे?”

“बनवलं नाही,” टेसा जमिनीकडे बघत म्हणाली. “आईने दिलं.”

ऑर्विल कुरणात गेला. त्याने फाटका कान चाचपला. “जनरल?” तो पुटपुटला. जनरलने शेपटी हलवली.

शनिवारी पातेल्यात राजमा होता. निव्वळ राजमा. जमलेल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं, आणि जो तो राजम्याचं तोंड भरून कौतुक करत होता.

“काय ऑर्विल?” हॅटीबाई उभ्या राहिल्या. “शिकार करू दिली नाही असा एक माणूस सापडला का?”

दुसरा कोणी असता तर टेबलाखाली गेला असता. ऑर्विल खुर्चीवर चढला!

“सापडला! मी! काल संध्याकाळी मला अडवलं!”

“कोणी?”

“माझ्या पोटच्या पोरीने!”

“आणि तू मारत काय होतास?”

“माझंच हरीण,” ऑर्विलचा आवाज जरा उतरला. “एकदा मारलेलं.”

शेडचे पत्रे उडतील असं हसणं झालं. ते ओसरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

“हसा! पण बाप आहे म्हणून तिने सोडलं नाही. असे रक्षक असतील तर हक्क बिनधास्त लिहा. रान कुठे जात नाही!”

टेसा दाराशी उभी होती. तिने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

“ऑर्विल,” बाई म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा पास होण्याजोगं उत्तर दिलंस.”

“म्हणजे मत देणार, बाई?”

“छे! पाटी घेऊन आलेय. हातोडी आहे ना तुझ्याकडे?”

मंगळवारी गावाने ‘लिहायचाच’ म्हणून भरभरून मतं दिली. राज्यानेही दिली. शिकारीचा हक्क घटनेत गेला, आणि ऑर्विलचा परवाना हंगामभरासाठी टेसाच्या खात्याच्या कपाटात गेला. सगळं गाव बंदुका घेऊन रानात होतं. अध्यक्ष तेवढे घरी!

जनरल मात्र परत आला होता. गोळ्यांनी पार चाळण झाल्यामुळे खात्याने त्याला त्याच्या यंत्रासकट निवृत्त केलं होतं. खिडकीबाहेरच्या ‘नको’च्या पाटीकडे पाठ करून ऑर्विल त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने छाती फुगवली.

“ऐक, नेडीन! आता हा हक्क माझ्याकडून कोणीही काढून घेऊ शकत नाही!”

नेडीनने विणकामातून मानही वर केली नाही. तिने मांडीवरच्या यंत्राचं एक बटण दाबलं.

जनरलने ऑर्विलकडे पाहिलं, आणि डावीकडून उजवीकडे सावकाश मान हलवली.