धनेशपंतांचं दीडमजली घर

एका जंगलात, बालमित्रांनो, एकही घर नव्हतं, आणि तरीही सगळे राहत होते. तुम्हाला हसू येतंय? तुम्ही चाळिशीचे असाल, टक्कल पडलं असेल, तरी गोष्ट संपेपर्यंत तुम्ही बालमित्रच. मांडी घाला आणि मध्ये बोलू नका.

तर त्या जंगलात कुणी ढोलीत राही, कुणी बिळात राही, कुणी नुसताच राही. मग एक दिवस शहरातून घोरपडशेठ परत आले. शहरात ते एका गोदामामागच्या गटारात राहिले होते. तिथे त्यांनी तयार घरांचा धंदा जवळून पाहिला. म्हणजे खालून पाहिला.

तयार घर म्हणजे चार भिंती, एक छप्पर आणि पिशवीभर स्क्रू. माकडं सकाळी घेऊन येत आणि दुपारपर्यंत उभं करून देत. घर इतकं लहान, की आत शिंकायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. पण तयार! त्यात दोन जाती होत्या. एकमजली घराचं नाव 'समाधान'. दुमजलीचं नाव 'शिखर'.

शेठनी उंबराच्या झाडाच्या बेचक्यात एक लाकडी खोकं बसवलं. त्याला एक दार, एक खिडकी, आणि वर पाटी : 'चौकशी'. सकाळी शेठ खिडकीतून तोंड काढून बसत. दुपारी जेवण झालं की आतच खिडकीकडे शेपूट करून झोपत. चौकशीच्या खिडकीची तशी पद्धतच असते, तुम्ही मोठे झालात की कळेल.

त्याच उंबराजवळ धनेशाचं एक जोडपं होतं. धनेशपंत आणि वत्सलाबाई. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी, चोचीवर शिंगासारखी टोपी असते तो. त्यांच्यात एक रीत आहे. अंडं घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दार आतून चिखलानं लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, पिल्लू निघतं, वाढतं. तोवर नवरा त्या फटीतून तिला उंबरं भरवतो.

यंदा त्यांचा जुना बेहडा वाऱ्यानं पडला. ढोली गेली. आणि वत्सलाबाईंचे दिवस तर भरत आलेले.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला एक बंद जागा बघा. चोचीएवढी फट असली की झालं. पण लवकर बघा हो, अंडं उघड्यावर पडलं तर मी काय करू?"

त्यांना खरंच भीती वाटत होती. झोप लागत नव्हती.

"अगं, ढोलीत राहायचे दिवस गेले," धनेशपंत म्हणाले. "आता घर घ्यायचं. तू काळजी करू नकोस, मी आहे ना!"

बालमित्रांनो, 'मी आहे ना' हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसानं काळजीला लागावं.

धनेशपंत चौकशीच्या खिडकीपाशी गेले.

"शेठ, एकमजली घ्यावं की दुमजली?"

"घ्या की! दोन्ही चांगली आहेत," घोरपडशेठ म्हणाले. "एकमजलीत जिना चढावा लागत नाही. दुमजलीत चढायला मिळतो."

"दुमजलीची उंची किती?"

"एकमजलीएवढीच. तीच उंची मध्ये फळी टाकून दोघांत वाटलीय."

"मग माझं शिंग आपटेल."

"वाकून राहायचं. अंगी नम्रता येते."

"आणि अंडं?"

"अंडं वर, वहिनी खाली. अंड्याला प्रायव्हसी!"

"पण मग ते उबवायचं कसं?"

"ते ज्याचं त्यानं बघायचं," शेठ म्हणाले. "घर आम्ही देतो, ऊब तुमची."

धनेशपंतांना दोन्ही बाजू पटल्या. ज्याला दोन्ही बाजू पटतात त्याला समिती नेमावी लागते. त्यांनी तिघांना बोलावलं.

पहिले गवाअण्णा. हे उभे राहिले की मागचा डोंगर दिसत नसे. जन्मात कधी छपराखाली गेले नव्हते, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती. "एकमजली घे," अण्णा म्हणाले. "मी कधी आलो तर जिना चढवणार नाही मला."

दुसरे शेकरूमामा. दिवसभर शेंड्याशेंड्यावर उड्या मारणारे. "छ्या! दुमजलीच. वरून खाली उडी मारता आली नाही तर ते घर कसलं?"

तिसरे घुबडगुरुजी. ते दिवसा मत देत, कारण दिवसा त्यांना काही दिसत नसे. "मजले किती ते गौण आहे," गुरुजी म्हणाले. "जिना नैऋत्येला हवा."

"आणि एकमजली घेतलं तर?"

"तरीही जिना नैऋत्येलाच हवा!"

वत्सलाबाई फांदीवर बसून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, मी काय म्हणते..."

"थांब गं!" धनेशपंत म्हणाले. "तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. पुन्हा त्या म्हणाल्या, "अहो, ऐका तरी, मला फक्त..."

"थांब की जरा! तुझ्यासाठीच चाललंय!"

वत्सलाबाईंना रडू आलं. तेही त्यांनी फांदीच्या पलीकडे तोंड करून आवरलं, कारण बैठकीत व्यत्यय नको. मग त्या ओढ्यावर गेल्या आणि चोचीत चिखल भरून आणायला लागल्या.

तिसऱ्या बैठकीत धनेशपंतांनी स्वतःहून विचारलं, "काय गं, तुझं काही म्हणणं?"

वत्सलाबाईंची चोच चिखलानं गच्च भरलेली. त्या नुसत्याच बघत राहिल्या.

"बघा," धनेशपंत समितीला म्हणाले, "तिची काही हरकत नाही."

त्याच दुपारी वत्सलाबाईंच्या पोटात कळ आली. समितीत जिन्याला कठडा असावा की नसावा यावर मतदान चाललं होतं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. समोर चौकशीचं खोकं दिसलं. बंद जागा, एक दार, एक खिडकी. त्या आत शिरल्या आणि दार लिंपून घेतलं. खिडकीही लिंपली, चोचीपुरती फट ठेवून. मग निवांत बसल्या आणि अंडं घातलं.

घोरपडशेठ जागे झाले तेव्हा काळोख होता. तोंड मागच्या भिंतीला टेकलेलं, शेपटीपाशी काहीतरी गरम. वळायला जागाच नव्हती.

"कोण आहे?"

"मी वत्सला."

"वहिनी, हे ऑफिस आहे!"

"होतं."

शेठनी वास घेतला. "वहिनी, तुम्हाला माहीत आहे ना, मी अंडी खातो."

"खा की. वळून दाखवा आणि खा."

शेठनी वळून पाहिलं. म्हणजे वळायचा प्रयत्न करून पाहिला. नाक भिंतीला घासलं.

"शेपटीचा फटका मारीन!"

"मारा. खोकं बेचक्यातून खाली जाईल. तुम्ही आतच आहात."

शेठनी शेपूट आवरून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "मी खायचं काय?"

"आमचे हे उंबरं आणतील. तुम्ही नीट राहिलात तर एखादं मागे सरकवीन."

एवढ्यात बाहेरून धनेशपंतांची हाक आली. "वत्सला! अगं ठरलं! ना एकमजली, ना दुमजली. एकमतानं दीडमजली!"

फटीतून चोच बाहेर आली. "उंबरं आणा," चोच म्हणाली.

धनेशपंतांनी उंबरं आणली. माणूस कितीही चर्चा करो, रीत ती रीत. धनेशपंत मनानं वाईट नव्हते हो. आणून द्यायला तयार होते, विचारायला नव्हते.

असे दिवस गेले. रोज गिऱ्हाइकं येत. खिडकीत चोच बघून विचारत, "एकमजली की दुमजली?"

"आत दिवसभर कोण राहणार?" वत्सलाबाई विचारत.

"आमची ही."

"मग तिला पाठवा."

गिऱ्हाइकं चिडत. "आम्ही चौकशीला आलो, तर ही आमचीच चौकशी करते!" आतून शेठ भिंतीवर डोकं आपटत. तो धपधप आवाज ऐकून लोक म्हणत, काम जोरात चालू आहे.

पुढे पिल्लू मोठं झालं. वत्सलाबाईंना नवी पिसं आली. त्यांनी चिखल फोडला, पिल्लाला घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यामागून घोरपडशेठ उलटे उलटे बाहेर पडले. उंबरं खाऊन खाऊन वाळले होते. उन्हात डोळे उघडत नव्हते.

"शेठ, दीडमजली मिळेल का?" धनेशपंतांनी विचारलं.

"आहे! शेवटचंच राहिलंय!" शेठ म्हणाले. घोरपडच ती, मरता मरताही चिकटणार.

माकडांनी उंबराखाली घर उभं केलं. खाली एक मजला, वर अर्धा. जिना नैऋत्येला, मध्येच संपणारा. दारावर पाटी, 'वत्सला'. सगळं जंगल गोळा झालं. धनेशपंत भाषणाला उभे राहिले.

"हे घर मी एकट्यानं ठरवलं नाही. प्रत्येकाला विचारलं!"

"मला कधी विचारलंत?" वत्सलाबाई म्हणाल्या.

धनेशपंत मनापासून हसले. "तुला काय विचारायचं? तू काय परकी आहेस?"

सगळे हसले. वत्सलाबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आत तर चला. बघून घ्या सगळे."

धनेशपंत आत गेले. शेकरूमामा गेले, घुबडगुरुजी गेले. गवाअण्णांचं डोकं आत गेलं, बाकीचे अण्णा बाहेर राहिले, आणि दार बंद करायचा प्रश्न मिटला. आत लगेच चर्चा सुरू झाली, की वरचा अर्धा मजला म्हणजे नेमका कुठला अर्धा.

वत्सलाबाई ओढ्यावर गेल्या आणि चोच भरून आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. अण्णांच्या मानेभोवतीची जागा लिंपली. खिडकी लिंपली. घोरपडशेठ स्वतःहून चिखल आणून देत होते. त्यांना आतलं माहीत होतं. शहाण्यांची चर्चा रंगली की त्यांना उजेड कमी झालेलाही कळत नाही.

शेवटी एक बारीक फट उरली. तिच्यातून धनेशपंतांची चोच बाहेर आली.

"अगं, इथे अंधार झालाय. मला वळता येत नाही. मी काय म्हणतो..."

वत्सलाबाईंनी त्या चोचीत एक उंबर ठेवलं.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं?"

तात्पर्य : घर एकमजली घ्यावं की दुमजली, हे आत राहणारीला कधीही विचारू नये. ती एका वाक्यात सांगून मोकळी होते, आणि मग चार शहाण्यांनी दिवसभर बसायचं कुठे?