कॉलनी सोपवली

कोलोनोस्कोपी करून घ्यायची आणि घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी एका रविवारी ठरवलं. (ठरवलं बायकोने. मी मान हलवली.) मला त्रास काहीच नव्हता. पण थोरल्या भावाचा आतड्याचा कर्करोग सापडला तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्याच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "त्रास नाही तोवरच तपासून घ्या." बायको तेव्हापासून मागे लागली होती. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली, आणि माझ्या सबबी संपल्या.

अडचण एकच होती. नेमके त्याच दिवसांत सासू-सासरे यायचे होते. सासऱ्यांना ऐकू जरा कमी येतं, म्हणून मी फोनवर आवाज चढवला.

"आत्ता नको, पुढच्या आठवड्यात या. माझी कोलोनोस्कोपी आहे."

"काय सोपवली?"

"कोलोनोस्कोपी."

"कॉलनी सोपवली? तुमच्याकडे? मग तर आम्ही यायलाच हवं."

फोन बंद.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी जुलाबाच्या औषधाचा पेला नाक दाबून रिकामा करत होतो, तेवढ्यात सासरे पुष्पगुच्छ घेऊन दारात हजर. "अभिनंदन, चेअरमनसाहेब." मी पुष्पगुच्छासकट आत धावलो. मला भरून आलंय असं त्यांना वाटलं. (आलंच होतं, पण पोटात.)

बाहेर आलो तर पार्किंग, गळकी टाकी, जिन्यातले दिवे यांवर त्यांच्या सूचना सुरू. मी दर सूचनेला उठून पळत होतो. "माणूस कामाला तत्पर आहे," ते सासूबाईंना म्हणाले. मग स्वतःच पेपर घेऊन आमच्या एकुलत्या एका संडासात शिरले आणि कडी लावली.

"बाबा, घाई आहे."

"असू दे. चेअरमनने डोकं शांत ठेवावं."

शेवटी बायकोने दाराला तोंड लावून एकेक अक्षर सुटं करत खरा प्रकार सांगितला. तो त्यांच्याआधी अख्ख्या जिन्याला कळला. कडी निघाली. सासरे बाहेर आले, पेपराची घडी घालत म्हणाले, "उद्या गाडी मी चालवीन." पुढचं मी ऐकलं नाही, कारण मी आत होतो.

आणि तपासणी? गुंगीचं इंजेक्शन दिलं, डोळे मिटले, उघडले, संपली. एवढ्यासाठी मी वर्षभर टाळाटाळ करत होतो. दोन लहान गाठी सापडल्या, त्या तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवल्या. आठवड्याने रिपोर्ट आला. कर्करोग नाही. "पण राहिल्या असत्या, तर पुढे झाला असता," डॉक्टर म्हणाले. बायको तिथेच खुर्चीत बसून रडली, आणि मलाही हुंदका आवरला नाही.

मग मात्र मला कोण आवरणार? जिन्यात, ऑफिसात, न्हाव्याच्या खुर्चीत, जो सापडेल त्याला मी तपासणीला पिटाळलं. तिघं गेलेसुद्धा. सासऱ्यांनीही तारीख घेतली आणि मोठ्या मनाने म्हणाले, "जिंकलात जावईबापू. आता सुट्टीत आमच्याकडे राहायला या."

"आलो असतो हो, पण ऑफिसात ऑडिट…"

"ऑडिट नसतंच," सासरे शांतपणे म्हणाले. "दरवर्षीची सगळी ऑडिटं तुम्ही त्या दिवशी गाडीत, गुंगीत मला सांगून टाकलीत. डॉक्टरांचं बरोबर आहे, तुमच्या पोटात आता काही म्हणता काही राहिलेलं नाही."