दाजीबा तांबोशीचे सातवे प्रकरण

मुलांनो, एका जंगलात... वाघसिंहांच्या नव्हे, खारफुटीच्या जंगलात, मुळांमधल्या खाऱ्या पाण्यात दाजीबा नावाचा एक तांबोशी मासा राहत होता.

तांबोशींची रीत अशी. लहानपणी मुळांच्या जाळीत लपायचे आणि कोळंबी खायची. वीतभर झाले की खाडी सोडून समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकावर जायचे. तिथे दिवसा घोळक्याने तरंगायचे, तिन्हीसांजेला खेकडे शोधायला पांगायचे. सगळे जातात. दाजीबा राहिला, कारण तो खडकावरच्या जीवनाविषयी ग्रंथ लिहीत होता.

खडक त्याने पाहिला नव्हता. हसू नका. ही गोष्ट सांगणाऱ्यानेही तांबोशी फक्त ताटात पाहिली आहे, तीही तळलेली.

ग्रंथ वाढला, तसा दाजीबाही वाढला. अंगावरचे पोरपणाचे पट्टे पुसले गेले. ओहोटीला पाठ उघडी पडू लागली. शेवटी त्याची बहीण आवडू खडकावरून भरतीबरोबर त्याला न्यायला आली.

"दाजी, आता तरी चल. पाठ उघडी पडता, दिसणा नाय काय तुका?"

"थांब गो. आज वाचन आसा. श्रोतो गावलो हा."

"कोण?"

"बगळो."

आवडू क्षणभर कल्ले हलवायची विसरली. "अरे, तो तुका खातलो!"

"इतक्या लक्ष देवन आजवर कोणी आयकूक नाय माका," दाजीबा म्हणाला. त्याला गहिवरून आले होते.

ओहोटी लागली. बगळा एका पायावर येऊन उभा राहिला. खाडीकडे जाणारी एकुलती एक चिंचोळी वाट त्याच्या पायाजवळून जात होती. आवडू त्या वाटेच्या टोकाशी, खोल पाण्यात थांबली.

"वाचा, दाजीबा," बगळा म्हणाला. "फक्त जरा पुढं या. ऐकू येत नाही."

दाजीबा पुढे सरकला. त्याने सहावे प्रकरण काढले : तांबोशीच्या कानातला खडा व त्यावर वर्षागणिक पडणारी वलये. पहिल्या वलयाला बगळ्याची मान कलली. तिसऱ्याला डोळे मिटले. पाचव्याला बगळा चक्क घोरू लागला.

"निजलो तो!" आवडू कुजबुजली. "दाजी, पळ!"

वाट मोकळी होती. पाणी अजून पुरेसे होते. पलीकडे खाडी होती, त्यापलीकडे खडक आणि आपली सगळी माणसे. दाजीबा निघालाही. मग थबकला. मागे वळून त्याने घोरणाऱ्या श्रोत्याकडे पाहिले आणि त्याच्या काळजाला घरे पडली.

तो परत फिरला. बगळ्याच्या पायाला त्याने नाकाने ढुशी दिली.

"अहो, झोपताय काय? सातवं प्रकरण राहिलंय!"

बगळा जागा झाला.

आवडू एकटीच खडकावर गेली. ती फार रडली.

तात्पर्य : श्रोता झोपला तर त्याला झोपू द्यावे, त्यातच लेखकाचे दीर्घायुष्य आहे. हे आम्हाला पुरते पटले आहे. पण काय रे मुलांनो, मागे बसलेल्यांचे डोळे का मिटले? उठा पाहू! तात्पर्याचा दुसरा भाग अजून राहिला आहे.