बिबटरावांचं हाक-धोरण

तुमच्यापैकी कोणीतरी नको त्याला मत दिलंय. नाव घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे, आणि तो आत्ता शेजारच्याकडे बघतोय. बघू दे. तुम्ही इकडे लक्ष द्या.

एका जंगलात पूर्वी राजा असायचा. मग राजा म्हातारा झाला, आणि एक दिवस त्याच्या जागी लोकशाही आली. दर पाच वर्षांनी सगळ्यांनी मिळून वनाध्यक्ष निवडायचा, असं ठरलं.

त्या जंगलात एक फार मोठी सोय होती. तिला हाकजाळं म्हणत. उंच झाडाच्या शेंड्यावर वानर बसायचं. खाली गवतात काही हललं की ते खेकसायचं. ती हाक पुढच्या झाडावरचं वानर उचलायचं, मग त्याच्या पुढचं. श्वास पाच-सात वेळा घ्याल तोवर हाक नदीपर्यंत गेलेली असायची. हाक सगळ्यांना सारखीच ऐकू यायची. सांबराला जेवढी, तेवढीच सशाला.

आता हाकजाळ्यावर सगळंच चांगलं चालायचं असं नाही. सकाळी उठल्या उठल्या शुभेच्छांच्या हाका सुरू व्हायच्या, त्या दुपारपर्यंत संपायच्या नाहीत. कोणी खोट्याच हाका मारायचे. कोणी नुसतंच भांडायचे. पण गवतात बिबट्या दिसला की सगळे गप्प व्हायचे आणि ती एकच हाक पुढे जायची. त्या एका हाकेवर जंगलातली निम्मी पिल्लं मोठी झाली होती.

तर निवडणूक आली. उमेदवार दोन.

एक होते दगडूजी गवा. वजनदार, संथ, एका कानाने कमी ऐकणारे. हाकजाळ्याबद्दल तुमचं धोरण काय, असं त्यांना सभेत विचारलं. दगडूजी बराच वेळ रवंथ करत राहिले. मग म्हणाले की मला त्यातलं काही कळत नाही, पण ज्याला दिसेल त्याने ओरडावं आणि ज्याला ऐकू येईल त्याने पळावं. सभा हसली. वानरं तर फांद्यांवरून पडायचीच बाकी होती.

दुसरे होते बिबटराव. ते सभा घेत नसत. ते सरळ वानरांच्या झाडाखाली येऊन बसले.

त्या झाडावर डॉक्टर शेंडे नावाचं म्हातारं वानर राहत असे. डॉक्टर म्हणजे हाकांवरचा जंगलातला शेवटचा शब्द. कोणत्या झाडावरून कोणती हाक किती लांब जाते, हे त्यांना तोंडपाठ होतं. बिबटरावांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले की मी शिकायला आलोय.

चार दिवस ते शिकले. वारा उलटा असेल तर हाक कुठपर्यंत पोचते, हे विचारलं. शेंड्यावरून कोणती बाजू दिसत नाही, हे विचारलं. पहारेकऱ्याला दुपारी डुलकी लागते का, लागली तर साधारण किती वेळ, हेही विचारलं. उत्तर कळलं नाही तर नम्रपणे म्हणायचे, पुन्हा सांगता का?

डॉक्टरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत एकाही नेत्याने त्यांना इतके तांत्रिक प्रश्न विचारले नव्हते.

पाचव्या दिवशी बिबटरावांचं हाक-धोरण प्रसिद्ध झालं. सागाची चाळीस पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. लिहिली होती अर्थात डॉक्टरांनी. त्यामुळे ती त्यांना फार आवडली.

धोरणात खूप चांगल्या गोष्टी होत्या. शुभेच्छांसाठी वेगळी वेळ. पहाऱ्यासाठी नवी झाडं. आणि चौदावं कलम, ज्याचा डॉक्टरांना विशेष अभिमान होता. खोट्या हाकांना आळा बसावा म्हणून प्रत्येक हाकेची आधी पडताळणी होणार होती. आणि ज्याच्याविरुद्ध हाक असेल, त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळणार होती. किती न्यायाचं!

दुसऱ्याच दिवशी ब्याऐंशी हाकतज्ज्ञांनी जाहीर पत्र काढलं. आम्ही कोणाच्या बाजूचे नाही, असं पहिल्या ओळीत होतं. फक्त हाक-धोरणाचा विचार करता बिबटरावांना पाठिंबा देत आहोत, असं दुसऱ्या.

आता शेवंतीचं सांगतो. शेवंती ही एक चितळ. तिला पंधरा दिवसांचं पाडस होतं. पाय अजून लटपटत होते त्याचे. गेल्या साली तिचं एक पाडस गेलं होतं, कारण त्या दिवशी धुकं होतं आणि हाक मारायला कोणाला काही दिसलंच नव्हतं. म्हणून हाकेचं महत्त्व शेवंतीला कोणी शिकवायची गरज नव्हती. मतदानाच्या आदल्या दिवशी ती डॉक्टरांच्या झाडाखाली गेली.

“डॉक्टरसाहेब, मी आपली अडाणी,” ती म्हणाली. “एकच विचारते. हे बिबटराव खातात काय?”

डॉक्टर समजूतदारपणे हसले. “प्रश्न चांगला आहे, शेवंतीबाई. पण तो आहाराचा आहे. माझा विषय हाका.”

“मग आहाराचं कोणाला विचारू?”

“तरसांना विचारा. ते आहारतज्ज्ञ आहेत.”

तरसांचा पाठिंबा आधीच जाहीर झाला होता. नेते पोटभर जेवले की मागच्यांनाही चार घास मिळतात, असं त्यांचं मत होतं.

शेवंती घुटमळली. गव्याला मत दिलं तर, असं तिने चाचरत विचारलं. डॉक्टर म्हणाले की त्याला धोरण हा शब्दसुद्धा ठाऊक नाही, तो तुमचं हाकजाळं बुडवेल. शेवंतीने पाडसाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बिबटरावांना मत दिलं.

हसू नका. तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? एका बाजूला ब्याऐंशी शहाणे आणि चाळीस पानं. दुसऱ्या बाजूला रवंथ.

बिबटराव भरघोस मतांनी निवडून आले.

आठवड्याने एका दुपारी चितळांचा कळप पाणवठ्यावर उतरला. शेंड्यावरच्या पहारेकऱ्याला गवतात शेपटीचं टोक दिसलं. त्याने तोंड उघडलं. मग त्याला धोरण आठवलं, आणि त्याने अर्ज भरायला घेतला. अर्ज पडताळणी समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष डॉक्टर शेंडे होते. त्यांनी तो तपासला, त्यात एक त्रुटी काढली, ती दुरुस्त करून घेतली, आणि पोपटाबरोबर बिबटरावांना नोटीस पाठवली. आपण गवतात आहात असं कळतं, आपलं म्हणणं मांडावं.

बिबटरावांनी पोट जमिनीला टेकवलेलंच ठेवून हळू आवाजात उत्तर दिलं. आपण गवताची पाहणी करत आहोत. सविस्तर खुलासा देतो, थोडा वेळ द्यावा.

समितीने वेळ दिला.

शेवंतीचं पाडस पाण्यात तोंड घालून उभं होतं. त्याच्या आणि गवताच्या मध्ये चार उड्यांचं अंतर उरलं होतं. मग तीन.

पलीकडे चिखलात दगडूजी लोळत पडले होते. त्यांनी धोरण वाचलेलं नव्हतं. त्यांना गवतात काहीतरी पिवळं दिसलं, आणि ते “वाघ, वाघ” करून असे डरकले की पाणी थरथरलं. कळप उधळला. बिबटरावांच्या पंजात पाडसाच्या शेपटीचे केस तेवढे आले.

बिबटरावांनी त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली.

सुनावणीला सगळं जंगल जमलं. दगडूजींना बाजू मांडायला सांगितलं. त्यांनी सांगितलं की दिसला म्हणून ओरडलो. मग समितीने डॉक्टरांचा अहवाल वाचून दाखवला. हाकेआधी अर्ज केलेला नाही. हाक पाणवठ्यावरून मारलेली आहे, ती जागा नेमून दिलेली नाही. हाकेत वाघ म्हटलं आहे, प्रत्यक्षात बिबट्या होता. सबब ती हाक नव्हतीच.

अहवालात एकही चूक नव्हती. मी खोटं कशाला बोलू?

बिबटराव अतिशय शांतपणे म्हणाले की हाकच नव्हती, तर त्या हाकेवर पळणंही झालेलं नाही. समितीला हे पटलं. मग निकाल लागला. सोमवारी दुपारी पाडसाला पाणवठ्यावर, त्याच जागी, तोंड पाण्यात घातलेल्या स्थितीत हजर करावं.

शेवंती उठून झाडाखाली गेली.

“डॉक्टरसाहेब, हे तुम्ही लिहिलंत?”

“मी फक्त हाकेबद्दल लिहिलं,” डॉक्टर म्हणाले. “पाडसाबद्दल त्यात एक शब्द नाही. हवं तर वाचून पाहा.”

शेवंतीने पाडसाचं कपाळ चाटलं. मग ती दगडूजींजवळ गेली आणि त्यांच्या चांगल्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली.

रविवारी भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दगडूजी नदीत उतरले. त्यांच्या पाठीच्या आडोशाने शेवंती उतरली, पाडस उतरलं, मग अख्खा कळप. त्यांच्यामागून सांबरं गेली. मग भेकरं. शेवटी ससेसुद्धा एका ओंडक्यावर बसून गेले. हे थांबवायला हवं असं पहारेकऱ्याला वाटलं, पण कळप पळून गेल्याची हाक कोणत्या अर्जावर भरायची ते त्याला सापडेना.

सोमवारी बिबटराव गवतात बसून राहिले. मंगळवारीही. हाकजाळं मात्र उत्तम चाललं होतं. आठवडाभरात एकही खोटी हाक नाही, एकही तक्रार नाही. डॉक्टरांनी तसा अहवाल केला आणि तो स्वतःच मोठ्याने वाचला, कारण खाली ऐकायला कोणी नव्हतं.

शनिवारी बिबटराव झाडाखाली आले. बरेच वाळले होते. पण नम्रता तीच. नमस्कार करून त्यांनी विचारलं की या झाडाची सगळ्यात वरची फांदी साधारण किती वजन पेलत असेल.

डॉक्टरांना तांत्रिक प्रश्न फार आवडत. त्यांनी थोडा विचार केला आणि अगदी बिनचूक उत्तर दिलं.

तात्पर्य: निवडणुकीत तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. त्यांचं त्यांच्या विषयात कधीही चुकत नाही. उमेदवार काय खातो, असलं काही विचारून त्यांचा वेळ घेऊ नये.

यातलं नदी ओलांडेपर्यंतचं सगळं शेवंतीने पलीकडच्या काठावर एका टिटवीला सांगितलं. टिटवी वाळूत अंड्यांवर बसली होती. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “बरं झालं बाई, मला हे कोणी शिकवलं नाही. ओरडण्याआधी विचारायचं असतं हे ठाऊक असतं, तर माझी चारही अंडी कधीच गेली असती.”